नववीच्या वर्गातलं बाळ

मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा मला चालता येत नव्हतं. तोंडात दात दोनच होते आणि वर्ग होता नववीचा. अर्थात मी काही शिकायला गेलो नव्हतो. माझ्या ताईला शाळेत जाता यावं म्हणून मला नेलं होतं. त्यातलं मला काहीही आठवणं शक्य नाही, पण आमच्या घरी ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की हल्ली मला ती आठवतेच असं वाटायला लागलंय. आई सांगते ती एक, बाबा सांगायचे ती दुसरी, आणि ताई दोघांच्याही चुका काढते. मी ताईचं ऐकून सांगतोय, कारण गोष्ट तिची आहे.

आमचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना बाहेरून, लोखंडी. कुणी चढायला लागलं की फळीवरची भांडी किणकिणायची, त्यामुळे पाहुणा दाराशी येईपर्यंत आईची आवराआवर झालेली असायची. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. कितीही तोंड धुतलं तरी भुवयांत भुसा राहायचाच. आई बल्बच्या कारखान्यात बल्ब खोक्यात भरायची. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मध्ये कुणी नाही. मी उशिरा आणि कुणाला न विचारता आलो.

आईची बाळंतपणाची रजा संपत आली. मला सांभाळायला आजी, म्हणजे आईची आई, यायची होती. तिने कपड्यांचं बोचकं बांधलं, शेजारणींचा निरोप घेतला आणि निघायच्या आदल्या दिवशी घराच्या पायरीवर घसरून मांडीचं हाड मोडून घेतलं. झाली पंचाईत.

"दोन-चार दिवस राहा गं घरी," आई ताईला म्हणाली. "तोवर काहीतरी बघू."

दोन-चार दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना. आई रोज कामावर जाताना चपला घालता घालता म्हणायची, "बघू काहीतरी," आणि रोज संध्याकाळी दमून आली की बघायचं राहून जायचं. 'तू शाळा सोड' असं आमच्या घरात कुणी, कधीही म्हटलं नाही. बाबा तर वखारीत आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "आमची पोरगी नववीला आहे." ते हे सांगत असताना नववीतली पोरगी मोरीत बसून माझे लंगोट पिळत असायची.

सुरुवातीला तिची बाकावरची मैत्रीण शाळा सुटल्यावर यायची. अंगाने बारीक आणि तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती आज काय शिकवलं ते सांगायची, मग कुणाची कुणाशी कट्टी झाली ते सांगायची, मग नुसतं कट्टीचंच सांगायला लागली आणि हळूहळू यायची थांबली. ताई म्हणते, "तिचा काही दोष नाही. ती जे सांगायची त्यातलं मला निम्मं कळेनासं झालं होतं. नवीन बाई आल्या होत्या, बाकं बदलली होती. मी 'हो का, हो का' करत बसायचे. तिला तरी किती वेळ 'हो का' ऐकवणार?"

एकदा ताई मला कडेवर घेऊन रस्त्याने चालली होती आणि समोरून तिच्या वर्गातल्या मुलींचं टोळकं आलं. ताईला काय वाटलं कोण जाणे, ती सरळ शेजारच्या दुकानात घुसली. दुकान होतं लोखंडी सामानाचं.

"काय पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

"बिजागरी," ताई म्हणाली. समोर टांगलेलं जे दिसलं ते तिने सांगितलं.

"दाराची की खिडकीची?"

"बाळाची," म्हणाली ती. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं. दुकानदार शहाणा होता. त्याने एकदा बाहेरच्या मुलींकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि म्हणाला, "बाळाच्या बिजागऱ्या संपल्यात. पण त्या पुढे जाईपर्यंत बस खुशाल." आम्ही खिळ्यांच्या पिंपावर बसलो. मी एक वॉशर गिळायचा प्रयत्न केला म्हणतात.

इथवर ऐकून आई नेहमी पदर तोंडाशी नेते. तिला वाईट वाटतं. ताई तिला म्हणते, "अगं, आता त्याचं काय! हस की."

गणिताचे सर आले ते एका रविवारी. उंच, ताठ, मान कधी वाकायची नाही. मुलं त्यांना 'काटकोन' म्हणायची. जिना वाजला, भांडी किणकिणली, आणि दारात काटकोन उभा. ताई आतल्या खोलीत पळाली. बाबा बनियनवर होते. ते गडबडीने शर्ट चढवत म्हणाले, "या सर, बसा. काही चुकलं का पोरीचं?"

"चुकायला ती वर्गात तर पाहिजे," सर खुर्चीवर बसत म्हणाले. "खिडकीजवळची जागा रिकामी दिसते. आधी वाटलं आजारी असेल. मग वाटलं तुम्ही गाव सोडलं. आज म्हटलं, वाटत बसण्यापेक्षा बघून यावं."

बाबांनी आजीच्या मांडीच्या हाडापासून सगळं सांगितलं. आई मान खाली घालून उभी. दोघांनाही वाटत होतं, आता सर शिक्षणाचं महत्त्व समजावणार. बाबांनी तर उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं: 'सर, पटतंय सगळं, पण पोराला टांगून ठेवू का खुंटीला?' ते उत्तर त्यांच्या तोंडातच राहिलं. कारण सरांनी विचारलं, "बाळ झोपतं कधी?"

"हां?"

"झोपायची वेळ काय त्याची?"

दाराआडून ताईचा आवाज आला, "सकाळी दहाच्या सुमाराला. आणि मग जेवण झाल्यावर."

"दहाला माझा तास असतो," सर म्हणाले. "माझ्या तासाला निम्मा वर्ग झोपतोच. आणखी एकाने काही बिघडणार नाही. घेऊन ये त्याला."

बाबा हसायला लागले. सर हसत नाहीत हे पाहून थांबले.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांना हे मुळीच पसंत पडलं नाही. "ही शाळा आहे सर, पाळणाघर नव्हे," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "पाळणाघर असतं तर हा प्रश्नच आला नसता." दोघांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी मोठ्या बाईंनी एक आठवडा मुदत दिली आणि बजावलं, "वर्गात रडला, की बाहेर."

मी पहिल्याच दिवशी रडलो. इतिहासाचा तास होता, कुठल्याशा लढाईत ऐन रंगात आलेल्या बाईंना मी मोठ्याने साथ दिली. ताई मला उचलून बाहेर धावली. तिचे कान लाल झाले होते. व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्याच! ताई म्हणते, "मला वाटलं, संपलं सगळं." मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केले आणि म्हणाल्या, "आण इकडे. तू आत जा, तास बुडतोय." त्यांना स्वतःला चार मुलं होती, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मला खांद्यावर टाकून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या आणि जाता-येता वर्गातल्या मुलींवर डोळे वटारत राहिल्या. आठवड्याच्या मुदतीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

हस्तकलेच्या सरांनी नकाशे ठेवायच्या पेटीची बाबागाडी करून दिली. मुलींनी आपसांत पाळ्या लावल्या. चिमणीने माझ्यावर पहिला हक्क सांगितला, कारण ती मला 'आधीपासून ओळखत' होती. मी खडू खाल्ला, डस्टर चाटलं, भूगोलाच्या बाईंच्या पर्समधला रुमाल पळवला. गणिताच्या तासाला मात्र मी नेमाने झोपायचो. ती सवय मला पुढे खूप वर्षं पुरली.

गोष्ट इथेच संपली असती तर सांगायला सोपी गेली असती. पण सहामाही परीक्षा आली, आणि ताईला गणितात पन्नासपैकी सहा मिळाले. शास्त्रात जेमतेम काठावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आईला म्हणाली, "बाळाचं अंग कोमट लागतंय. आज नको शाळा." आईने माझ्या कपाळाला हात लावला. तिला काही कोमट लागलं नाही, पण कामावर जायची घाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला खोकला झाला. मग पोट बिघडलं. असं मी, ताईच्या सांगण्यावरून, एका आठवड्यात बालरोगांचं अख्खं पुस्तक उरकलं.

पुन्हा जिना वाजला. या वेळी ताई एकटीच घरी होती. काटकोन सर दारातूनच म्हणाले, "बाळाला फार बरं नाही असं कळलं."

मी तेव्हा खुर्चीचा पाय चावत होतो. गाल गुबगुबीत.

सर माझ्याकडे पाहत राहिले. "खुर्चीची तब्येत जास्त काळजीची दिसते," ते म्हणाले.

ताई हसली नाही. तिला रडूच फुटलं. "मला येत नाही सर. काहीच येत नाही. तुम्ही फळ्यावर लिहिता, सगळ्या माना डोलावतात, म्हणून मीपण डोलावते. सगळ्या पुढे गेल्या. आता बाळाला घेऊन येऊन तरी काय उपयोग?"

सर खाली जमिनीवरच बसले. ताई म्हणते, त्यांना मांडी घालून बसलेलं पाहणारी शाळेतली मी एकटीच. "मला वाटलं, अडचण बाळाची आहे," ते म्हणाले. "बाळाची सोय झाली, म्हणजे झालं. तुला समजतंय का, हे मी विचारलंच नाही. बरं, कुठपर्यंत येतं? अगदी शेवटचं काय समजलं होतं, ते सांग."

ताईला आठवीतलं आठवलं. सर म्हणाले, "मग आठवीपासून धरू." आणि त्यांनी तिथल्या तिथे बाबांच्या वखारीतल्या लाकडाच्या ढलप्या घेऊन जमिनीवर मांडायला सुरुवात केली. मी त्या उधळत होतो, ते परत मांडत होते.

त्यानंतर शाळा सुटल्यावर अर्धा तास ताई, चिमणी आणि आणखी दोघी जणी थांबायला लागल्या. त्या दोघी कोण? तर ज्या ताईसारख्याच माना डोलवत होत्या त्या. ताईला हे कळल्यावर इतका धीर आला म्हणतात! तिला वाटत होतं, अख्ख्या वर्गात आपण एकटीच ढ. वर्षाच्या शेवटी ती नववी पास झाली, फार थोर गुणांनी नव्हे, पण सगळ्या विषयांत. तोवर आजीचं हाड जुळलं, ती काठी टेकत आमच्याकडे राहायला आली, आणि माझं शिक्षण तात्पुरतं बंद झालं.

ताई शिकत गेली आणि गणिताचीच बाई झाली. सर तेव्हा निवृत्त झाले होते. ही त्यांच्या घरी सांगायला गेली तर त्यांनी एवढंच विचारलं, "वर्ग कुठला दिलाय?"

"नववी."

"हं. खिडकीकडे लक्ष ठेव," म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात डोकं घातलं.

तिने लक्ष ठेवलं. कुणी चार दिवस आलं नाही की ताई त्याच्या घरी. ती जाऊन उपदेश करत नाही. त्या घरात जो कुणी काम करत असेल त्याच्या शेजारी बसते, शेंगा सोलत असतील तर शेंगा सोलते, आणि बोलत राहते. एकदा सातवी-आठवीच्या काही मुली दर महिन्याला मधूनच गायब व्हायला लागल्या. घरी विचारलं की "पोट दुखत होतं." सगळ्यांचंच कसं दुखतं? ताई एकेकीला विचारून दमली. मग एक दिवस ती शिक्षकांचं सोडून मुलींच्या स्वच्छतागृहात गेली. दाराला आतून कडीच नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं, आणि पलीकडे मुलांचं मैदान. कडीसाठी अर्ज कधीचा पुढे गेला होता म्हणे. ताईने संध्याकाळी बाजारातून कडी आणली, बाबांचा पेचकस आणि बाबांनाच सोबत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत कडी बसवली. दोन्ही दारांना. मुली यायला लागल्या. "एवढंच होतं?" बाबांनी विचारलं. ताई म्हणाली, "बाबा, बऱ्याचदा एवढंच असतं. पण ते काय आहे हे कुणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही."

पुढे तिने मागे लागून लागून शाळेत एक खोली मिळवली. धाकट्या भावंडांसाठी. आता तिथे पाळणे आहेत, सतरंजी आहे आणि एक मावशी आहेत, ज्यांच्यापुढे मोठमोठी रडकी पोरं गप्प होतात.

आता माझं. एवढ्या लहान वयात शाळा पाहिलेला मुलगा शिकण्यात हुशार निघायला हवा होता. तसं काही झालं नाही. दहावीनंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला यंत्रांच्या शाळेत दाखल झालो. प्रचंड इमारत, प्रचंड वर्ग. पहिल्या काही आठवड्यांत माझं आरेखन दोनदा परत आलं. मग मी जाणं बंद केलं. घरातून डबा घेऊन वेळेवर निघायचो, आणि तिथल्या बसथांब्याच्या बाकावर बसून राहायचो. बस यायच्या, जायच्या. मी डबा खायचो आणि वेळेवर परत यायचो.

एके दिवशी एका बसमधून ताई उतरली. तिचं त्या भागात काही काम होतं. मला पाहून ती थांबली, मग येऊन शेजारी बसली. मला खात्री होती, आता ही काढणार: तुझ्यासाठी मी काय काय केलं, तुला कडेवर घेऊन शाळा केली, आणि तू!

ती म्हणाली, "डब्यात काही उरलंय का? मला भूक लागलीय."

उरलं होतं ते तिने खाल्लं. मग म्हणाली, "तिकडे तुला नावाने कोण ओळखतं?"

मी विचार केला. "कुणीच नाही."

"कुणीच?"

"पहारेकरी ओळखतो चेहऱ्याने. 'ओळखपत्र दाखव' म्हणतो रोज."

"आरेखनाचे सर?"

"त्यांनी माझा कागद परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही."

"मग तू त्यांच्याकडे बघ," ताई म्हणाली. "उद्या जा आणि एकच प्रश्न विचार. चूक कुठे झाली, एवढाच. उत्तर नाही मिळालं तर परवा मी येते तुझ्याबरोबर या बाकावर बसायला. सुट्टी काढून."

तिने खरंच काढली असती. त्या भीतीनेच मी गेलो. आरेखनाचे सर मुळात वाईट नव्हते. वर्ग मोठा आणि माणूस एक. त्यांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "अरे, तू पट्टी उलटी धरतोस. डावखुरा आहेस ना?" मी आहे. मला ते तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, की डाव्या हाताने पट्टी दुसऱ्या अंगाने धरायची असते. दुसऱ्या दिवसापासून ते मला "ए डावऱ्या" म्हणून हाक मारायला लागले. ती हाक ऐकायला मी रोज वेळेवर जायचो. आज मी उद्वाहनं, म्हणजे साध्या भाषेत लिफ्ट, दुरुस्त करतो. माझ्या हाताखालून गेलेली लिफ्ट सहसा अडकत नाही, एवढं सांगायला मला संकोच वाटत नाही.

मागच्या वर्षी ताई स्वतः मोठ्या बाई झाली. आधी नको म्हणत होती. तिचं म्हणणं, मोठ्या बाईंना बंद दाराच्या खोलीत बसून सह्या कराव्या लागतात. भाऊजी म्हणाले, "दार उघडं ठेव ना मग, कोण अडवतंय?" भाऊजींचं शिवणकामाचं दुकान आहे आणि त्यांना सगळ्या गोष्टी अशा सरळ कापाच्या दिसतात. तिने पद घेतलं, दार उघडं ठेवलं आणि नववीचा गणिताचा तास स्वतःकडेच ठेवला. दरवर्षी एक-दोन मुलं तरीही निसटतात. कुणाचं घर गाव बदलतं, कुणाचं मन लागत नाही, कुणापर्यंत ताईच उशिरा पोचते. त्यांची नावं ती विसरत नाही. पण त्यावरून ती झुरतही नाही. "पुढच्या वर्षी ये म्हटलंय मी त्याला," सांगते. कधीकधी तो येतोसुद्धा.

रविवारी ती आणि भाऊजी आमच्याकडे जेवायला असतात. जेवण झालं की भाऊजी आणि माझी बायको पत्त्यांचा डाव मांडतात, दोघंही लबाडी करतात आणि दोघंही नाकारतात. ताई आईच्या पलंगावर आडवी होते आणि बोलता बोलता अर्ध्या वाक्यात घोरायला लागते. माझी मुलगी तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालत बसते. आई खुर्चीवरून दटावते, "हळू बोला रे, पोरगी आठवडाभर दमते." पोरीचे केस निम्मे पांढरे झालेत, पण आईला ते दिसत नाही. आम्ही हळू बोलतो. पत्ते मात्र आपटले जातातच.